पंचवीस मिनिटांचा निबंध आणि ‘मेरिट’ची मोजपट्टी

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाली की सतरंज्या तशाच राहू देतात आणि त्याच जागेवर अभ्यासिका भरते. काही महिन्यांपासून तिथे एक नवीन प्रकार सुरू आहे. फळ्यावर विषय लिहायचा, मोबाईलवर घड्याळ लावायचं आणि सगळ्यांनी निबंध लिहायचा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. ९ पेपर, १७५० गुण आणि त्यात २५० गुणांचा निबंध. इतकी वर्षं गोल रंगवत आलेली आमची पोरंपोरी आता वाक्यं रचायला बसली आहेत.

मागच्या महिन्यात एका मुलीने अर्धा कागद कोरा ठेवून माझ्या हातात दिला. म्हणाली, “ताई, मुद्दे सगळे डोक्यात आहेत. पण घड्याळ सुरू झालं की वाटतं, आपली मराठी वाचून तपासणारा हसेल.” मागे बसलेला मुलगा लगेच म्हणाला, “म्हणूनच ऑब्जेक्टिव्ह बरं होतं. मशीनला जात नसते.” त्यावर तिसरा उसळला, “ऑब्जेक्टिव्ह म्हणजे क्लासवाल्यांचं राज्य. निबंधात निदान आपलं म्हणणं मांडता येतं.” वाद इतका रंगला की त्या दिवशी दुसरा निबंध झालाच नाही.

पुण्यात २०२३ च्या सुरुवातीला याच पॅटर्नवरून मुलं रस्त्यावर बसली होती, तेव्हाही दोन्ही बाजूंनी हेच बोललं जात होतं. पण हा वाद आपण सुरू केलेला नाही. अमेरिकेत तो दीडशे वर्षं चालू आहे. तिथे प्रवेश परीक्षेत निबंध आला, गेला, परत आला, परत गेला. प्रत्येक वेळी सांगितलं गेलं की आता न्याय होणार. आणि या इतिहासातला एक मोठा भाग घडला तो बाबासाहेब शिकले त्या कोलंबिया विद्यापीठात. म्हणून हा लेख.

नापास झाले श्रीमंत, दोषी ठरल्या शाळा

१८७४ साली हार्वर्ड कॉलेजने प्रवेश परीक्षेत इंग्रजी निबंध सक्तीचा केला. त्याआधी प्रवेशासाठी लॅटिन, ग्रीक आणि गणितावर भर असे. निबंधाचे विषय ठरावीक पुस्तकांतून यायचे. शेक्सपिअरची नाटकं, वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’, गोल्डस्मिथची ‘व्हिकार ऑफ वेकफिल्ड’. तपासताना शुद्धलेखन, विरामचिन्हं, व्याकरण आणि मांडणी बघायची. म्हणजे विद्यार्थ्याला काय वाटतं यापेक्षा तो कोणत्या घरात वाढला, त्या घरातल्या कपाटात कोणती पुस्तकं होती, याचीच ती परीक्षा होती.

गंमत अशी की १८७९ साली या परीक्षेला बसलेल्यांपैकी जवळपास निम्मे विद्यार्थी नापास झाले. ही मुलं काही गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या घरांतली नव्हती. बहुतेक जण चांगल्या खाजगी शाळांत शिकलेले, खात्यापित्या घरचे गोरे मुलगे होते. मग काय झालं? यांच्यात उपजत गुणवत्ताच नाही, असं कोणी म्हटलं का? मुळीच नाही. हार्वर्डच्या प्राध्यापकांनी दोष शाळांवर टाकला. शाळा नीट लिहायला शिकवत नाहीत म्हणाले. त्यानंतर शाळांचे अभ्यासक्रम बदलले आणि कॉलेजात आल्यावरही पहिल्या वर्षी लेखनाचा वेगळा विषय सुरू झाला.

मित्रांनो, हे लक्षात ठेवा. वरच्यांची मुलं नापास झाली की शिक्षणव्यवस्था सुधारायची असते. आपली मुलं नापास झाली की ‘लायकी’ निघते. मेरिटच्या चर्चेची पहिली फसवणूक इथे आहे.

कोलंबियात उघडलेलं दार

त्या काळात प्रत्येक कॉलेजची प्रवेश परीक्षा वेगळी असायची. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९०० साली ‘कॉलेज एंट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड’ स्थापन झालं. यात पुढाकार होता कोलंबियाच्या निकोलस मरे बटलर यांचा. जून १९०१ मध्ये पहिली सामायिक परीक्षा झाली. ९७३ विद्यार्थी बसले आणि त्यातले बरेचसे कोलंबियातच प्रवेश मागणारे होते. सगळी उत्तरं लांबलचक, हाताने लिहिलेली. त्यांचे गठ्ठे कोलंबियात आले आणि शिक्षकांनी एकत्र बसून तपासले.

आज आपण निबंधाची परीक्षा म्हटलं की तिच्यातले दोष मोजतो. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या सामायिक परीक्षेमुळे दार उघडलं. ओळखीपाळखीशिवाय, वडिलांचं नाव न सांगता, न्यूयॉर्कच्या सरकारी शाळेत शिकलेला एखाद्या ज्यू शिंप्याचा मुलगाही परीक्षा देऊन कोलंबियात जाऊ लागला. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतल्या मुलांची संख्या तिथे झपाट्याने वाढली.

१९१३ साली बाबासाहेब कोलंबियात पोहोचले तेव्हा बटलर हेच विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि हे दार अजून उघडं होतं. बाबासाहेब पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले होते, त्यामुळे त्यांना ही प्रवेश परीक्षा द्यावी लागली नाही. त्यांच्यासाठी दार उघडलं ते महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीने. पण वर्गाबाहेर, ग्रंथालयात, रस्त्यात त्यांना दिसलेलं कोलंबिया हे नव्याने आत आलेल्या मुलांचंही कोलंबिया होतं.

बाबासाहेब १९१६ मध्ये लंडनला गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१९ मध्ये, कोलंबियाने दार अर्धं लोटून घेतलं. परीक्षेत ज्यू मुलं भरपूर गुण मिळवत होती, म्हणून नुसत्या परीक्षेवर प्रवेश देणं थांबवलं. नव्या अर्जात धर्म, वडिलांचं नाव आणि जन्मस्थान, फोटो मागायला सुरुवात झाली. मुलाखत आली. ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ बघायला सुरुवात झाली. त्याच वर्षी थॉर्नडाईक यांची ‘मानसिक तल्लखपणा’ मोजणारी चाचणीही प्रवेशासाठी वापरात आली. काही वर्षांतच कोलंबियातलं ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनने पुढे असेच मार्ग धरले.

ही घटना मी अभ्यासिकेत नेहमी सांगते. जोपर्यंत परीक्षेत आपलीच मुलं पुढे येतात तोपर्यंत परीक्षा म्हणजे मेरिट. दुसऱ्यांची मुलं पुढे यायला लागली की मेरिटची व्याख्याच बदलते.

“मशीनला जात नसते”

आता आपल्या दुसऱ्या मुलाच्या मुद्द्याकडे येऊ. मशीनला जात नसते, हे खरं आहे का?

हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. १९१२ साली स्टार्च आणि इलियट या दोन संशोधकांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका वेगवेगळ्या शाळांतल्या शंभराहून जास्त शिक्षकांना तपासायला दिल्या. शंभरपैकी कोणी पन्नाशीतले गुण दिले तर कोणी नव्वदीच्या वरचे. पुढे १९६१ मध्ये अमेरिकेत आणखी मोठा प्रयोग झाला. ३०० निबंध, ५३ तपासनीस, १ ते ९ गुण. त्यातल्या १०१ निबंधांना १ पासून ९ पर्यंत सगळे गुण मिळाले. म्हणजे कोणाला तो निबंध सर्वात वाईट वाटला, तर कोणाला सर्वात चांगला. पाचपेक्षा कमी वेगवेगळे गुण मिळालेला एकही निबंध नव्हता. त्यामुळे आमच्या त्या मुलीची भीती मनाची नाही, ती मोजून सिद्ध झालेली आहे.

यावर उपाय म्हणून पर्यायांतून उत्तर निवडायची चाचणी पुढे आली. पण ती कोणाच्या हातात गेली ते बघा. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख सैनिकांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या. त्या आकड्यांवर प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगम याने १९२३ साली एक पुस्तक लिहिलं. निष्कर्ष काय? उत्तर युरोपातले ‘नॉर्डिक’ गोरे सर्वात बुद्धिमान. दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेले कमी. काळे सर्वात खाली. यांचं रक्त मिसळलं तर अमेरिकेची बुद्धी घसरेल, असा इशाराही त्याने दिला. आपल्याकडच्या वर्णव्यवस्थेच्या समर्थकांना हे वाक्य अगदी घरचं वाटलं असतं.

याच ब्रिगमकडे कॉलेज बोर्डाने नवी प्रवेश चाचणी बनवायचं काम दिलं. २३ जून १९२६ रोजी ती पहिल्यांदा घेतली गेली. ८ हजारांवर विद्यार्थी बसले. तिचं नाव ‘स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट’, म्हणजेच आज जगभर माहीत असलेली ‘सॅट’. तेव्हा मशीनला जात नसेलही, पण मशीनमध्ये कोणता प्रश्न घालायचा हे ठरवणाऱ्या माणसाच्या डोक्यात मात्र वंशाची उतरंड पक्की होती.

ब्रिगमला उत्तर कोणी दिलं? मोठमोठ्या विद्यापीठांतल्या काही प्राध्यापकांनी दिलं, तसं होरेस मॅन बाँड या जेमतेम विशीतल्या कृष्णवर्णीय अभ्यासकानेही दिलं. ड्यू बॉईस यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या ‘क्रायसिस’ मासिकात १९२४ साली त्याने लेख लिहिला. सैन्याचेच आकडे घेतले आणि दाखवलं की इलिनॉयसारख्या उत्तरेकडच्या राज्यातल्या काळ्या सैनिकांचे गुण दक्षिणेतल्या काही राज्यांतल्या गोऱ्यांपेक्षा जास्त आहेत. जर बुद्धी वंशातून येते, तर हे कसं? उत्तर सरळ होतं. उत्तरेत शाळा बऱ्या होत्या. चाचणी शाळा मोजत होती आणि नाव मात्र बुद्धीचं घेत होती.

१९३० साली खुद्द ब्रिगमने आपला जुना निष्कर्ष मागे घेतला. वेगवेगळ्या भाषा आणि संस्कृतींतल्या लोकांची अशी तुलना करता येत नाही, असं लिहून आपला अभ्यास निराधार होता हे त्याने मान्य केलं. इतकं स्पष्टपणे चूक कबूल करणारे कमीच असतात, हेही म्हटलं पाहिजे. पण तोवर चाचणी रुजली होती. माणसाने शब्द मागे घेतला, यंत्रणेने नाही घेतला.

निबंधाची परीक्षा मात्र तरीही काही वर्षं टिकली. सॅट हे तिच्या जोडीला होतं. शेवटचा घाव घातला दुसऱ्या महायुद्धाने. जून १९४१ मध्ये जुन्या पद्धतीच्या निबंधवजा परीक्षा शेवटच्या झाल्या. युद्धामुळे कॉलेजांना प्रवेश लवकर उरकायचे होते, हजारो उत्तरपत्रिका तपासायला वेळ आणि माणसं नव्हती. १९४२ पासून सॅट हीच मुख्य परीक्षा झाली. न्यायासाठी नाही, सोयीसाठी.

पंचवीस मिनिटांत विचार

साठ वर्षांनी निबंध परत आला. त्यामागची गोष्ट आरक्षणाशी जोडलेली आहे.

१९९६ साली कॅलिफोर्नियात सार्वमत घेऊन सरकारी विद्यापीठांतलं वंशाधारित सकारात्मक धोरण बंद केलं गेलं. १९९८ च्या प्रवेशांत बर्कलेसारख्या नामांकित ठिकाणी काळ्या विद्यार्थ्यांचे प्रवेश निम्म्याहून खाली आले. विद्यापीठावर टीका झाली. २००१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन यांनी जाहीर केलं की सॅट वापरणं थांबवावं. त्यांचं म्हणणं होतं की विद्यार्थी शाळेत काय शिकला ते मोजा, धूसर ‘अभिक्षमता’ नको. कॅलिफोर्निया हे कॉलेज बोर्डाचं सर्वात मोठं गिऱ्हाईक. बोर्ड हललं. मार्च २००५ मध्ये नवी सॅट आली आणि तिच्यात २५ मिनिटांचा निबंध.

पद्धत अशी होती. एक छोटा उतारा, त्यावर एक सर्वसाधारण प्रश्न, पंचवीस मिनिटं. निबंध स्कॅन होऊन तपासनिसांच्या संगणकावर जायचे. दोघांनी प्रत्येकी १ ते ६ गुण द्यायचे. एका निबंधाला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळायची.

एमआयटीमधले लेखनाचे प्राध्यापक लेस पेरेलमन यांनी बोर्डाने नमुना म्हणून प्रसिद्ध केलेले निबंध आणि त्यांचे गुण तपासले. त्यांना आढळलं की निबंध जितका लांब तितके गुण जास्त. लांबून नुसती लांबी बघूनही गुणांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा. आणखी एक गोष्ट. तथ्यांच्या चुकांसाठी गुण कापायचे नाहीत, अशी तपासनिसांना सूचना होती. इतिहासातली तारीख चुकली, घटना खोटी सांगितली, तरी चालेल. फक्त ठसक्यात लिहा, जड शब्द घाला, पान भरा.

हे वाचताना मला माझा सातवीतला निबंध आठवला. विषय होता ‘माझी उन्हाळ्याची सुट्टी’. माझी सुट्टी आईबरोबर वीटभट्टीवर गेली होती. ते लिहायची लाज वाटली. म्हणून मी महाबळेश्वरच्या सहलीवर निबंध लिहिला. तोवर महाबळेश्वर मी पाहिलंही नव्हतं, स्ट्रॉबेरी फक्त वहीच्या पुठ्ठ्यावर पाहिलेली. निबंध वर्गात वाचून दाखवला गेला. मला आनंद झाला आणि घरी येईपर्यंत तो आनंद कडू झाला. ज्या परीक्षेत खोटं लिहिलं की गुण मिळतात आणि खरं लिहायला भीती वाटते, ती परीक्षा लेखनाची नसते. ती दुसऱ्याच्या घरासारखं दिसण्याची परीक्षा असते.

सॅटमध्येही हे घडलंच. मार्च २०११ च्या परीक्षेत ‘रिॲलिटी’ टीव्ही कार्यक्रमांवर निबंध आला. ज्यांच्या घरी टीव्ही बघत नाहीत किंवा ज्यांनी ते कार्यक्रम पाहिलेच नाहीत ते विद्यार्थी गांगरले. बोर्डाने सांगितलं की उताऱ्यात पुरेशी माहिती होती. कागदावर ते बरोबर असेल. पण घड्याळ चालू असताना ओळखीचा विषय आलेला मुलगा पहिल्या मिनिटाला लिहायला लागतो आणि अनोळखी विषय आलेली मुलगी पाच मिनिटं घाबरण्यात घालवते. पंचवीसपैकी पाच मिनिटं म्हणजे पाचवा हिस्सा गेला.

आणि क्लास? निबंध आला की शिकवण्या बंद होतील, ही आशाही फोल ठरली. साच्याचा निबंध शिकवणाऱ्या शिकवण्या सुरू झाल्या. सुरुवात अशी करा, दोन उदाहरणं तयार ठेवा, शेवट असा करा. पैसे असलेल्यांनी साचा विकत घेतला.

२०१६ मध्ये बोर्डाने निबंध ऐच्छिक केला आणि वेळ ५० मिनिटं केली. दिलेल्या लेखाचं विश्लेषण करायचं, असं त्याचं स्वरूप झालं. ही सुधारणा चांगली होती, कारण निदान समोरचा मजकूर वाचून पुराव्याने लिहायला लागत होतं. पण त्यासाठी जादा फी होती आणि एकेक कॉलेज तो निबंध मागेनासं झालं. जानेवारी २०२१ मध्ये बोर्डाने तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. सोळा वर्षांत खेळ आटोपला.

निबंध पुन्हा अर्जात

तरी गोष्ट इथे संपत नाही. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात वंश विचारात घेऊन प्रवेश देणं बेकायदा ठरवलं. त्याच निकालात सरन्यायाधीशांनी म्हटलं की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने अर्जातल्या निबंधात लिहायला हरकत नाही. म्हणजे काय झालं बघा. समाजाचा हक्क म्हणून मिळत होतं ते काढून घेतलं आणि सतरा वर्षांच्या मुलीला सांगितलं, आता तुझी जखम तू एकटीने, चांगल्या इंग्रजीत, आमच्यासमोर मांड. पटली तर बघू.

याच्या नेमकं उलट चाललेला प्रवाहही आहे. २०२४ मध्ये डार्टमाउथ, येल, हार्वर्ड अशा विद्यापीठांनी करोनाकाळात सोडलेली प्रवेश चाचणी परत सक्तीची केली. डार्टमाउथचं म्हणणं असं की गरीब घरातली हुशार मुलं आपले गुण कमी आहेत समजून ते कळवतच नव्हती, पण त्यांच्या परिस्थितीत ते गुण उत्तम होते. हा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. १९०१ सालीही परीक्षेने दार उघडलं होतंच. पण त्यांचं वाक्य नीट ऐका. ‘त्यांच्या परिस्थितीत’ ते गुण उत्तम होते. म्हणजे गुण कुठून सुरुवात करून मिळवले हे बघावं लागतं, हे मेरिटवाल्यांनाही मान्य करावं लागलं. आपण दुसरं काय म्हणतोय?

बाबासाहेबांनी हे केव्हाच सांगितलं होतं

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आत. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घेऊ दिलं नाही म्हणून फारसी घेऊन शिकलेला तो मुलगा. आजच्या कुठल्याही गुणवत्ता यादीत त्याचं नाव आलं नसतं. त्याच मुलाने नऊ वर्षांनी, मे १९१६ मध्ये, कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. जात समजून घेण्याच्या शास्त्रात तो निबंध आजही वाचावा लागतो. तो पंचवीस मिनिटांत लिहिलेला नव्हता. त्यामागे ग्रंथालयातले तास होते, शिक्षक होते, शिष्यवृत्ती होती. २८२ गुण आणि हा निबंध, यांच्यामध्ये काय आलं? संधी आली. आणि अर्थात त्यांचे अपार कष्ट.

हा अनुभव गाठीशी असलेले बाबासाहेब १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलले तेव्हा त्यांनी या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं. परीक्षा आणि शिक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिक्षणाचा दर्जा उंचावण्याच्या नावाखाली परीक्षा इतक्या कठीण करून ठेवल्या आहेत की मागासलेल्या समाजांना विद्यापीठाच्या दारातच अडवलं जातं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सॅटच्या पहिल्या परीक्षेनंतर अवघ्या एका वर्षाने, जगाच्या दुसऱ्या टोकाला! १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी जातीमुळे वंशाची शुद्धता आणि गुण टिकतात, हा युजेनिक्सचा युक्तिवादही खोडून काढला. ब्रिगमच्या मोजपट्टीला आणि मनूच्या मोजपट्टीला त्यांनी एकच उत्तर दिलं.

आणि ३० नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत नोकऱ्यांमधल्या समान संधीच्या कलमावर बोलताना त्यांनी दोन्ही गोष्टींचा मेळ घातला. संधी सगळ्यांना समान हवी, आणि ज्या समाजांना कारभारात आजवर शिरकाव मिळाला नाही त्यांच्यासाठी तरतूदही हवी. परीक्षा राहू द्या, पण परीक्षेबरोबर प्रतिनिधित्व हवंच.

मग आपण काय करायचं?

अभ्यासिकेतल्या त्या वादाला माझं उत्तर असं आहे. ऑब्जेक्टिव्ह की निबंध, या भांडणात आपली शक्ती घालवू नका. अमेरिकेच्या दीडशे वर्षांनी दाखवलं की दोन्ही हत्यारं आपल्याविरुद्ध वापरता येतात आणि दोन्हींनी दारं उघडताही येतात. प्रश्न घालणारे कोण, तपासणारे कोण, निकष कोणाचे, आणि परीक्षेच्या पाठीशी आरक्षण शाबूत आहे का, हे चार प्रश्न विचारा.

आपल्याकडेही पुरावा आहे. जेएनयूच्या स्वतःच्या समितीने २०१६ मध्ये आकडे तपासून सांगितलं की लेखी आणि तोंडी गुणांमध्ये सामाजिक गटांनुसार सातत्याने फरक दिसतो. मुलाखतीत चेहरा आणि आडनाव दिसतं. निबंधात नाव झाकता येतं, पण भाषा झाकता येत नाही. ‘आनि’ आणि ‘आणि’ यात तपासणाऱ्याला वस्ती दिसते. म्हणून मागणी स्पष्ट हवी. निबंध एकापेक्षा जास्त जणांनी स्वतंत्रपणे तपासावा. निकष आधी जाहीर करावेत. तपासनिसांमध्ये बहुजन, दलित, आदिवासी शिक्षक असावेत. प्रवर्गनिहाय निबंधाचे सरासरी गुण प्रसिद्ध व्हावेत. आकडे समोर आले की भेदभाव लपत नाही, हे होरेस बाँडने एका लेखात दाखवून दिलं.

आणि दुसरं काम आपलं स्वतःचं. हार्वर्डची मुलं नापास झाली तेव्हा त्यांना लिहायला शिकवलं गेलं. आमच्या मुलांना कोण शिकवणार? विहारं आहेत, सतरंज्या आहेत, शिकलेले आपण आहोत. प्रत्येक विहारात आठवड्याला एक तास लेखनाचा हवा. प्रमाण मराठी शिकवा, कारण ते आज हत्यार आहे, पण घरची मराठी कमी आहे असं सांगू नका. साचा पाठ करून घेऊ नका. पुरावा द्यायला शिकवा, आकडा तपासायला शिकवा, आपलं जगणं लाज न बाळगता मांडायला शिकवा.

त्या मुलीला मी पुढच्या रविवारी विषय दिला, ‘पाणी’. घड्याळ लावलं नाही. तिने आजीच्या गावातल्या आडाबद्दल, टँकरबद्दल आणि महाडच्या तळ्याबद्दल लिहिलं. चार पानं. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते आम्ही मिळून दुरुस्त केलं. त्याच्या पुढच्या रविवारी तीच चार पानं तिने घड्याळ लावून पुन्हा लिहिली. वेळेत पूर्ण झाली.

जय भीम.